तर्री-पोह्यांचा एक घास

खाण्यावर लिहिणाऱ्यांनी आजवर पदार्थाचं रसग्रहण केलं, खाणाऱ्या तोंडाचं क्वचितच. मसाला किती भाजला, फोडणी कुठे चढली, तेल कधी सुटलं यावर तासभर बोलणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत आणि त्यांचं बोलणं ऐकण्यासारखंही असतं. पण तो पदार्थ ओठांच्या आत गेल्यावर पुढच्या पंधरा-वीस सेकंदांत जे घडतं, त्यातलं कसब स्वयंपाकातल्या कसबापेक्षा तसूभरही कमी नाही. जबडा, जीभ, गाल, ओठ, टाळू आणि घसा मिळून तिथे काहीतरी रचतात, आणि गिळताक्षणी ती रचना संपते. ती सावकाश, ओळीओळीने वाचावी असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. त्यासाठी मी नागपूरच्या इतवारीतली तर्री-पोह्यांची प्लेट निवडली आहे.

निवड मुद्दाम केली आहे. श्रीखंडासाठी तोंडाला फारसे कष्ट नाहीत. जीभ ते टाळूवर दाबते आणि काम होतं. भाकरीत चावायला भरपूर असतं, पण पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत तिचा चिवटपणा एकाच जातीचा. तर्री-पोह्यांच्या एका चमच्यात मात्र अगदी वेगवेगळ्या स्वभावाची मंडळी एकत्र येतात. वाफेवर ठेवलेले मऊ पोहे. आतून शिजलेला, पण साल राखून असलेला काळा हरभरा. दाताखाली करकरणारा आणि पाणी सोडणारा कच्चा कांदा. वरून भुरभुरलेली शेव, जी पहिल्या दोन-तीन चाव्यांत खाल्ली तर कुरकुरीत, एरवी भिजून गेलेली. चिमूटभर सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. आणि या सगळ्यांतून वाट काढत वाहणारी तर्री, लालभडक तेलाचा तवंग घेतलेला पातळ रस्सा. तोंडाची याहून कठीण परीक्षा घेणारी न्याहारी मला माहीत नाही. इतवारीत सराफ्याची शटरं वर जाण्याआधी, शहीद चौकाच्या किंवा मस्कासाथच्या अंगाने उभी असलेली माणसं ही परीक्षा रोज सकाळी देतात. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात चमचा, शेजारच्याशी सोन्याच्या भावावर बोलणं चालू, मधूनच "तर्री टाका ना जी अजून" अशी मागणी. तोंडाच्या आत काय चाललंय याकडे कुणाचंही लक्ष नसतं. लक्ष नसतानाही सगळं बिनचूक होतं, आणि मला भुरळ घालणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

सुरुवात ओठांपासून करू. चमचा तोंडाशी येण्याआधीच तोंड त्याच्या मापाने उघडतं. जरा जास्त नाही की जरा कमी नाही. डोळ्यांनी चमचा पाहिलेला असतो, हाताला त्याचं वजन कळलेलं असतं आणि जबड्यापर्यंत ते आधीच पोहोचलेलं असतं. मग ओठ चमच्यावर मिटतात, पोहे पुसून आत घेतात आणि गरमपणाचा पहिला अंदाज देतात. ओठांभोवतीचा गोल स्नायू पुढे घास संपेपर्यंत मिटलेला राहतो, म्हणून तर्री हनुवटीवर ओघळत नाही. आत जीभ घास पाठीवर घेते, मागे ओढते आणि स्वतःला एका बाजूला कलती करून तो दाढांवर नेऊन ठेवते. घास दाढेवर टेकला की चावणं सुरू.

चावण्याची लय कुठून येते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९१७ साली एक मांडणी केली. दातांवर दाब पडला की जबडा उघडतो, उघडताना मिटवणारे स्नायू ताणले जातात, त्या ताणामुळे तो परत मिटतो, मिटला की पुन्हा दाब येतो. म्हणजे चावणं ही प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी आहे. मांडणी सुबक होती आणि बराच काळ टिकली. १९७१ साली पी. जी. डेलो आणि त्यांच्या सहकाऱ्याने सशांवर केलेल्या प्रयोगाने ती अपुरी ठरवली. त्यांनी औषधाने सशाचे स्नायू पूर्ण लुळे केले. जबडा हलत नव्हता, त्यामुळे दातांकडून किंवा स्नायूंकडून मेंदूला चावण्याची कुठलीच खबर जात नव्हती. तरीही मेंदूतल्या योग्य जागी विजेचं हलकं उत्तेजन दिल्यावर जबड्याकडे जाणाऱ्या नसांमधून चावण्याच्याच लयीत संदेश निघत राहिले. घास नाही, हालचाल नाही, आणि लय मात्र चालू. ही लय मस्तिष्कस्तंभात असते. मेंदू खाली पाठीच्या कण्याकडे उतरतो तो हा बोटभर भाग. श्वासाची लय इथेच, गिळण्याचा क्रम इथेच आणि चावण्याचा ठेकाही इथेच.

ठेका हा शब्द इथे मला पूर्ण जबाबदारीने वापरायचा आहे. तबलजीने धरलेला ठेका गायकाला बांधत नाही. त्याच्या भरवशावर गायक हवं ते करायला मोकळा होतो. मस्तिष्कस्तंभ सेकंदाला एक-दोन चाव्यांचा ठेका धरून ठेवतो. मोठा मेंदू तो सुरू करतो, थांबवतो, घास आवडला तर रेंगाळतो, कुणी हाक मारली तर मध्येच रोखतो. उरलेला वेळ तो सोन्याच्या भावाकडे लक्ष द्यायला मोकळा असतो.

पण नुसता ठेका म्हणजे मैफल नाही. खरी गंमत पुढच्या दोन-तीन चाव्यांत आहे. पहिल्या चाव्याला दाढ मऊ पोह्यांतून सहज खाली जाते आणि अचानक तिला हरभरा लागतो. इथे जोर वाढवायला हवा, तोही त्याच चाव्यात, कारण पुढच्या चाव्यापर्यंत हरभरा घरंगळून दुसरीकडे गेलेला असेल. दात हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अगदी पातळ थर असतो, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. त्या थरात स्पर्श आणि दाब ओळखणारी चेताग्रं पसरलेली असतात. दोन दातांमध्ये केसाहूनही पातळ चकती आली तरी आपल्याला ती कळते, ती यांच्यामुळे. हरभरा टेकल्याची खबर ती देतात आणि गालामागचा मॅसेटर, कानशिलावरचा टेम्पोरॅलिस हे स्नायू जोर वाढवतात. दात घट्ट मिटून गालाच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं की मॅसेटर टणक झालेला लागतो. जेवणाऱ्या माणसाच्या कानशिलाची हालचाल समोरून दिसते ती टेम्पोरॅलिसची.

जोर वाढवण्यापेक्षाही अवघड आहे तो वेळेवर सोडून देणं. हरभऱ्याचं साल फुटलं की आतला गर दाबाला फारसा विरोध करत नाही. त्याच जोरात जबडा मिटत राहिला असता तर वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर आपटल्या असत्या. तसं होत नाही. विरोध गेल्याचं कळताच मिटवणारे स्नायू क्षणार्धात ढिले पडतात. दाताखाली खडा लागतो तेव्हा हीच व्यवस्था आणखी ठळकपणे जाणवते. "अरे, खडा" असं मनात येण्याच्या कितीतरी आधी, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, जबडा थबकलेला असतो. विचाराला इथे यायलाच वेळ नसतो आणि त्याची गरजही नसते.

या वेगाचं एक कारण शरीररचनेत आहे आणि ते मला अतिशय सुंदर वाटतं. त्वचेचा स्पर्श किंवा स्नायूंचा ताण सांगणाऱ्या चेतापेशींची मूळ शरीरं मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या बाहेर, लहान गाठींमध्ये असतात. जबडा मिटवणाऱ्या स्नायूंचा ताण आणि दातांवरचा काही दाब सांगणाऱ्या पेशी याला अपवाद आहेत. त्यांची शरीरं थेट मस्तिष्कस्तंभाच्या आत आहेत. सबंध शरीरात ही मुभा फक्त चावण्याला मिळालेली आहे.

कांदा आणि शेवेबद्दल थोडक्यात. शेव पहिल्या चाव्यांत संपते. तिचा कुरकुराट कानाला बाहेरून ऐकू येतो त्याहून जास्त कवटीच्या हाडांतून आतून पोहोचतो. कांद्याचा तुकडा फुटून पाणी सोडतो आणि त्या पाण्याने कोरडे पोहे ओलावतात. लिंबू पिळलं असेल तर लाळेचा पूर येतो, कारण आंबटपणासारखं लाळेला बोलावणारं दुसरं काही नाही. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी तोंडात कुठे उघडते हे पाहण्यासारखं आहे: वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला. जिथे घास दळला जातो, नेमका तिथेच ओलावा सुटतो.

आता जीभ. या सगळ्या रचनेत माझं मन सर्वांत जास्त गुंततं ते तिच्यात. जिभेला हाड नाही. तिच्यात आडवे, उभे आणि लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू एकमेकांत विणलेले आहेत, शिवाय तिला हनुवटीशी, टाळूशी आणि कंठाजवळच्या हाडाशी बांधणारे वेगळे. तिचं आकारमान बदलत नाही. एका दिशेने आकसली की दुसरीकडे तिला फुगावंच लागतं. विल्यम कीर आणि कॅथलीन स्मिथ यांनी १९८५ साली दाखवून दिलं की हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे हात याच तत्त्वावर चालतात. अशा बिनहाडाच्या अवयवाला चाव्यागणिक नवा आकार घ्यायचा असतो. हरभरा दाढेवरून घसरला की त्याखाली पात्यासारखं सरकायचं, स्वतः कलती होऊन त्याला परत वर लोटायचं, पोह्यांचा भिजलेला गोळा वेगळा करून मागे सारायचा, शेवेचा बोचरा तुकडा टाळूपासून दूर ठेवायचा. आणि हे सगळं करताना स्वतः दाढांच्या मध्ये सापडायचं नाही.

क्ष-किरणांच्या चलच्चित्रांत ही चलाखी स्पष्ट दिसते. जबडा उघडत असताना जीभ पुढे आणि खाली सरकते. उघडणं संपत येतं तशी ती दिशा बदलते आणि जबडा मिटत असताना मागे जात राहते. म्हणजे दाढा एकमेकींकडे येतात तेव्हा जिने सापडायचं ती आधीच निघून गेलेली असते. दिवसभरात चाव्यांची संख्या हजाराच्या घरात जाते, आणि जीभ चावली जाण्याचे प्रसंग वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतके. जिभेच्या समोरच्या बाजूला गालाचा बक्सिनेटर नावाचा स्नायू असतो. गालात घरंगळलेले पोहे तो आत लोटतो, जीभ आतून बाहेर लोटते, आणि दोघांच्या मध्ये घास दाढेच्या चौथऱ्यावर राहतो.

इथे एक कोडं आहे. जबड्याच्या स्नायूंना हुकूम जातो पाचव्या मस्तिष्क-नसेतून. गालाच्या आणि ओठांच्या स्नायूंना सातव्या नसेतून. जिभेला बाराव्या. या नसांच्या चेतापेशी मस्तिष्कस्तंभात वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांपासून अंतर राखून आहेत. मग दर सेकंदाला त्यांचा मेळ कोण घालतं? २०१४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एडवर्ड स्टॅनेक, फॅन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर याचा माग काढला. त्यांचं साधन विलक्षण होतं: रेबीजचा विषाणू. हा विषाणू चेतापेशींमधून उलट्या दिशेने, मेंदूकडे चढत जातो. त्याच्यातला एक जनुक काढून टाकला आणि पहिल्या पेशीत तेवढा बाहेरून पुरवला, तर तो एकच पायरी चढतो आणि थांबतो. अशा विषाणूला जबडा मिटवणाऱ्या मॅसेटरपासून आणि जीभ पुढे काढणाऱ्या स्नायूपासून वर सोडलं, की या स्नायूंच्या चेतापेशींना थेट हुकूम देणाऱ्या पेशी कोणत्या, ते उजळून दिसतं.

दिसलं ते असं. कित्येक पेशी एकाच स्नायूच्या चाकर नव्हत्या. काहींचे तंतू डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही मॅसेटरच्या चेतापेशींपर्यंत गेले होते. काहींचे जबड्याबरोबर जिभेच्या आणि चेहऱ्याच्याही ठरावीक स्नायूंकडे. खालचा जबडा हे एकच हाड आहे, दोन्ही कानांपुढच्या दोन सांध्यांवर टांगलेलं. डावी बाजू वर आणि उजवी खाली असं त्याला करताच येत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंना एकाच पेशीने हुकूम देणं हा किती साधा आणि किती नेमका उपाय आहे! जीभ, जबडा आणि गाल यांना वेगवेगळे हुकूम देऊन नंतर त्यांचा मेळ घालत बसायचा, ही भानगडच मेंदूने अशा जागी ठेवली नाही. मेळ हुकुमातच विणलेला आहे. उत्तम कलाकृतीत कारागिरीचे सांधे दिसत नाहीत असं आपण म्हणतो. तोंडातल्या या रचनेत ते दिसत नाहीत, कारण निम्मे सांधे घालावेच लागलेले नाहीत. ज्या विषाणूची लागण झालेल्या माणसाला पाण्याचा घोटही गिळता येत नाही, त्याच विषाणूला नि:शस्त्र करून खाण्याची ही अंतर्गत वीण उलगडली गेली, हेही सांगायला हवं.

आता तर्रीकडे वळतो, कारण आतापर्यंत तिच्याविना घास अर्धाच वाचला.

तर्रीचा तिखटपणा ही जिभेची चव नव्हे. तो पाचव्या नसेचा, म्हणजे जबडा चालवणाऱ्या त्याच नसेच्या संवेदी शाखांचा अनुभव आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं ते कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधलं. त्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल अर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं. हे प्रथिन मुळात चटक्याची खबर देण्यासाठी आहे, सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते जागं होतं. कॅप्सेसिन त्याला त्याहून कमी तापमानालाही जागं करतं. तर्री ठेल्यावर सतत मंद आचेवर असते, आणि मिरची भिवापूरच्या बाजूची असली तर विचारायलाच नको. म्हणजे खरी उष्णता आणि मिरचीची उष्णता एकाच वाटेने एकत्र येतात. नागपुरी तर्री गारढोण झाल्यावर तितकी तिखट लागत नाही त्याचं कारण हेच. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. लाल तवंग हे त्याचं वाहन आणि तो जिभेवर थर धरून बसतो. पाणी पिऊन तो जात नाही. घोटभर ताक किंवा दूध मात्र उपयोगी पडतं, कारण दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून नेतं.

चेहरा यावर लगेच बोलू लागतो. नाक वाहतं, डोळे भरतात, कपाळावर घाम येतो, ओठ किंचित विलग होऊन सी-सी करत हवा आत ओढली जाते. घास अजून तोंडात असताना हवा ओढायची, ती घशात न ओढता फक्त जिभेवरून फिरवायची आणि चावणंही चालू ठेवायचं, हे इतवारीतला सराईत खवय्या करतो तेव्हा मी मान डोलावतो. त्याच्या तोंडात ठेका सुटलेला नसतो. फक्त उघडण्याच्या भागात थोडी जागा वाढलेली असते आणि हवा तिथून जाते.

तर्रीचा दुसरा चमत्कार वासाचा. चावताना तोंडाची मागची बाजू बंद नसते. जबडा आणि जीभ हलते तशी आतली सुवासिक हवा टाळूमागून नाकात ढकलली जाते. दर चाव्याला भाजलेल्या खसखशीचा, दगडफुलाचा, लवंगेचा एक झोत आतून वर चढतो. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा या झोताचा आहे. सर्दी झाली की जेवण मिळमिळीत लागतं, ते त्यामुळे. म्हणून घाईघाईने गिळणाऱ्याला तर्रीचं तिखट तेवढं कळतं, मसाला कळत नाही. मसाला चाव्यांतून उलगडतो.

आणि तिसरी गोष्ट, ठसक्याची. घट्ट आणि पातळ पदार्थ एकत्र तोंडात असतील तर काय होतं, हे संशोधकांनी क्ष-किरणांखाली पाहिलं आहे. माणूस घट्ट भाग चावत असतानाच पातळ भाग जिभेच्या मुळावरून खाली, गिळण्याच्या आधीच, घशात उतरू लागतो. तर्री-पोहे हे अशा दुहेरी घासाचं अगदी अस्सल उदाहरण. हरभरा दाढेखाली असतो आणि तर्री श्वासनलिकेच्या तोंडाजवळ पोहोचलेली असते. त्याच क्षणी हसू आलं किंवा "काय म्हणता?" असं विचारायला श्वास घेतला की ठसका. नवख्या पाहुण्याला तो हमखास लागतो. सराईत माणूस मध्येच एक छोटा घोट गिळतो, तर्री तेवढी खाली जाते, हरभरा आणि पोहे वरच राहतात आणि चावणं पुढे चालू होतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शेकडो सकाळींच्या ठसक्यांनी त्याच्या मस्तिष्कस्तंभाला आणि मोठ्या मेंदूला ते शिकवलेलं असतं. एकाच घासातून अर्धा गिळायचा आणि अर्धा राखायचा ही मला या सबंध रचनेतली सर्वांत नाजूक जागा वाटते.

गिळण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण एकदा सुरू झाल्यावर ते आपलं राहत नाही. जीभ घासाला टाळूवर दाबून मागे सोडते, मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट मिटवतो, कंठ वर-पुढे सरकतो, श्वास थांबतो, श्वासनलिकेचं तोंड बंद होतं, अन्ननलिकेचं उघडतं. दोन डझनांहून अधिक स्नायूजोड्या ठरलेल्या क्रमाने, सेकंदाच्या आसपास हे उरकतात आणि बहुतेक वेळा त्यानंतर श्वास बाहेर सोडला जातो, म्हणजे घशात काही रेंगाळलं असेल तर ते आत ओढलं जाऊ नये. घास केव्हा गिळायचा याचा निर्णय मात्र तोंडाचाच. तुकडे पुरेसे बारीक झाले, लाळेने ते एकमेकांना धरू लागले, की गिळायची वेळ झाली. एक घास बत्तीस वेळा चावावा असं आपल्याकडे लहानपणी सांगतात. सांगणाऱ्यांच्या तळमळीबद्दल आदर ठेवून मला हा आकडा पटत नाही. पोहे बत्तीस चाव्यांच्या खूप आधी तयार होतात, आणि चिवट सावजी मटणाला तेवढे पुरत नाहीत. मोजत बसण्यापेक्षा तोंडावर विसंबावं.

गिळून झाल्यावर एक छोटा प्रसंग बाकी राहतो. हरभऱ्याचं साल दोन दाढांच्या फटीत अडकतं. जिभेचं टोक ते शोधत निघतं. शरीरात सर्वांत बारीक स्पर्श ओळखणाऱ्या जागांपैकी हे टोक एक. १९३७ साली वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा काढला, तेव्हा ओठ आणि जीभ यांच्या वाट्याला त्यांच्या आकाराच्या मानाने अफाट जागा आली. म्हणून नखाएवढं साल तोंडात केवढं तरी मोठं भासतं. गाल आतून फुगतो, जिभेचं टोक फटीत शिरतं, बाजूने खरवडतं, परत फिरतं. इथे ठेका नाही. हा शोध आहे आणि तो मोठ्या मेंदूचा आहे. सोन्याच्या भावावरचं बोलणं नेमकं इथे अडखळतं. बोलायला जी जीभ लागते तीच कामात गुंतलेली असते. माणूस वाक्याच्या मध्यावर थांबतो, डोळे किंचित वर जातात, साल निघतं आणि वाक्य पुरं होतं.

ही सगळी रचना उपजत मिळते असं मात्र नाही. चोखण्याची लय बाळ घेऊन येतं, चावण्याची नंतर येते. उष्टावणाच्या दिवशी मामा चांदीच्या वाटीतून खीर भरवतो आणि बाळ ती जिभेने बाहेर ढकलतं. सगळे हसतात, "नाही आवडली वाटतं!" म्हणतात. आवडी-निवडीचा तिथे संबंध नसतो. घन काही ओठांत आलं की जिभेने ते बाहेर लोटायचं, ही लहान बाळाची संरक्षक क्रिया सहाव्या महिन्याच्या आसपास मावळत जाते आणि तीच जीभ हळूहळू आत ओढायला, बाजूला न्यायला, दाढांवर ठेवायला शिकते. पुढे वर्षानुवर्षं ती शिकतच असते.

चेहऱ्यावरून वारं गेलेल्या माणसाजवळ जेवायला बसलं की गालाच्या स्नायूचं मोल कळतं. सातवी नस बंद पडलेली असते. जबडा ठणठणीत, जीभ ठणठणीत, तरी भात गालात साठत जातो आणि बोटाने काढावा लागतो. सुदैवाने याच्या बेल्स पाल्सी नावाच्या प्रकारातले बहुतेक जण बरे होतात.

ज्या हानीबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं ती वेगळी आहे, आणि ती इतवारीतल्या कुठल्याही पानठेल्यावर समोर दिसते. सुपारीची भुकटी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; खर्रा ताजा घोटून मिळतो. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतूंचे थर साचत जातात आणि मऊ, ताणलं जाणारं अस्तर चामड्यासारखं आखडतं. जे. श्वार्ट्झ यांनी १९५२ साली केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि पुढच्याच वर्षी भारतात एस. जी. जोशी यांनी त्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे आज रूढ असलेलं नाव दिलं. त्याचा पुढचा प्रवास कर्करोगाकडे होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसली तरीही, कर्करोगकारक ठरवलं आहे.

या आजारात मेंदूला काहीही झालेलं नसतं. मस्तिष्कस्तंभाचा ठेका चालू असतो, सामाईक पेशी हुकूम देत असतात, मॅसेटर आणि जीभ ते ऐकत असतात. गाल ताणायला नकार देतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. इथे दोन मावतात, मग एक, मग चमचा आडवा करून घालावा लागतो. जीभही आखडते, बाजूला वळेनाशी होते, हरभरा दाढेवरून घसरला की तिथेच राहतो. इतकं सूक्ष्म कसब शाबूत असताना त्याला वावरायला जागाच उरू नये, याचं मला अतोनात वाईट वाटतं, आणि ते पंचविशीतल्या पोरांमध्ये पाहून संतापही येतो.

आजाराची पहिली खूण बहुधा तोंड कमी उघडणं ही नसते. आधी तिखट झोंबू लागतं. कालपर्यंत वरून दोनदा तर्री मागणारा माणूस "साधेच द्या जी, तोंड आलंय" म्हणू लागतो आणि ते तोंड महिनोन्‌महिने आलेलंच राहतं. खर्रा खाणाऱ्या कुणाच्याही बाबतीत असं झालं तर नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जावं. तिथे वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजतात, खर्रा पूर्ण बंद करायला सांगतात, आणि औषधांबरोबर एक साधा व्यायाम देतात: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची.